वही आणि पीडीएफ

पंचवटींत रामकुंडाजवळ तीर्थोपाध्याय वही उघडून आपल्या पणजोबांचें नांव दाखवितात. ती वही कांहीं आपल्या पाठोपाठ घरांत शिरत नाहीं. संगणकावरील पीडीएफ कागद मात्र शिरूं शकतो. त्यांत जावास्क्रिप्टच्या आज्ञा दडवितां येतात, व कागद दाखविणारी अवजड प्रणाली त्या मुकाट्यानें पाळते. २००९ सालीं अडोबी रीडरमधील अशाच दोषांतून चोर शिरले. पीडीएफ हें २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची वाचनप्रणाली कोणासही रचतां येते. विंडोजसाठीं निघालेली चिमुकली, विनामूल्य सुमात्रा ह्या आज्ञा पाळीतच नाहीं. कांहीं अर्ज तिच्यांत भरतां येत नाहींत, ही अडचण खरी. पण विजेचें बिल वाचावयास तेवढी विद्या कशाला? जुनी प्रणाली मात्र काढूनच टाकावी. नाहीं तर टिचकी देतांच कागद पुन्हां तिच्यांतच उघडण्याचा संभव असतो.