परदेशातील पहिली दिवाळी

शिक्षणासाठी परदेशी जाणारे बहुतेक विद्यार्थी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घर सोडतात आणि नव्या शहरातले रस्ते पायाखालचे होण्याआधीच गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी एकामागून एक येऊन ठेपतात. या दिवसांत घरची आठवण अनावर होते ती अंतरामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्याहून मोठे कारण असे की सण हा मुळात कामांनी बनलेला असतो आणि दूर गेलेल्या माणसाच्या वाट्याला त्यांतले एकही काम उरत नाही. घरी कोणी किल्ल्यासाठी माती कालवतो, कोणी चकलीचा सोऱ्या फिरवतो, कोणी आकाशकंदील टांगतो, आणि या लहानसहान कामांतूनच कुटुंबातली आपली जागा प्रत्येकाला जाणवत राहते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तासभर घरची पूजा पाहणारा मात्र केवळ प्रेक्षक असतो, म्हणून तो संवाद संपल्यावर मन हलके होण्याऐवजी पुष्कळदा अधिकच रिकामे होते.

यावर खरा उपाय म्हणजे सणाचे यजमानपण स्वतःकडे घेणे. सहनिवासी कोणत्याही देशाचे असोत, त्यांतल्या तिघा-चौघांना फराळाला बोलवावे आणि एक तरी पदार्थ स्वतःच्या हाताने करावा. पातळ पोह्यांचा चिवडा किंवा रव्याचे लाडू यांना तळणाचा खटाटोप लागत नाही, आणि ही बाब महत्त्वाची आहे, कारण वसतिगृहांतील धूरसूचक यंत्रे, म्हणजे धूर जाणवताच इशाऱ्याची घंटा वाजवणारी उपकरणे, तळणाच्या धुरानेही वाजू लागतात. अनेक वसतिगृहांत उघड्या ज्योतीला मनाई असते, तेथे बॅटरीवरच्या पणत्या लावण्यात कोणताही कमीपणा मानू नये. फटाक्यांचे नियमही देशागणिक निराळे आहेत: इंग्लंडमध्ये एरवी रात्री ११ नंतर फटाक्यांना बंदी असली तरी दिवाळीच्या रात्री ही मुदत १ वाजेपर्यंत वाढवलेली आहे, तर जर्मनीत सामान्य नागरिकांना फटाके उडवण्याची मुभा नववर्षाच्या सुमारासच असते.

सणाचा दिवस कोणता, हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढण्यास जो काळ लागतो त्याला तिथी म्हणतात. ती साऱ्या जगात एकाच क्षणी सुरू होत असली तरी तिचा सण कोणत्या दिवशी धरायचा हे त्या त्या ठिकाणच्या सूर्योदयावर व सूर्यास्तावर ठरते, त्यामुळे पुण्याचे पंचांग अमेरिकेत जसेच्या तसे लागू पडत नाही आणि एखादा सण तेथे एक दिवस आधीही येऊ शकतो. शिवाय दिवाळी कामाच्या दिवशी आली की तेथील मराठी मंडळे आपला कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारी ठेवतात. १९३२ मध्ये स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ किंवा १९८१ पासून उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ यांसारख्या संस्थांशी सणाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर शहरात पोहोचताच संपर्क साधावा. मात्र मंडळाच्या कार्यक्रमावर विसंबून सणाची मूळ तिथी कोरडी जाऊ देऊ नये, त्या संध्याकाळी निदान एक दिवा लावावा.

घरच्यांनी ध्यानात ठेवण्याची एक गोष्ट अशी की नेमके दिवाळीच्या आसपास पाश्चात्य देशांतील घड्याळे एक तास मागे जातात. ब्रिटनमध्ये हा बदल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो आणि भारताशी असलेला फरक साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर जातो. अमेरिकेत तो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. पुण्यात पहाटे ५ वाजता अभ्यंगस्नानाची गडबड चालू असते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये, हा बदल होण्यापूर्वी, आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्या वेळी मुलाला नुसते दृश्य दाखवण्यापेक्षा त्याच्याकडे एखादे काम सोपवावे, जसे की नातेवाइकांना फोन करणे किंवा रांगोळीचा आकार सुचवणे. ‘तुझ्यावाचून घर सुने वाटते’ हे वाक्य प्रेमाचेच असते, पण ऐकणाऱ्यावर त्याचा भार फार पडतो.

फराळ पाठवताना सीमाशुल्क व जैवसुरक्षेचे नियम पाहावेत, कारण पिकांचे व गुरांचे रोग बाहेरून येऊ नयेत म्हणून अनेक देश खाद्यपदार्थ कसोशीने तपासतात. ऑस्ट्रेलियात पेढे-बर्फीसारख्या दुधाच्या मिठाया अडवल्या जातात आणि अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर विमानाच्या सामानातही चालत नाहीत, कारण त्यांतील तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. सामानात खाद्यपदार्थ असल्यास उतरताना ते न लपवता जाहीर करावेत.

दिवाळीनंतरचा काळ अधिक अवघड असतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. लंडनमध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम आठ तासांचा उरतो, आणि १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेले ऋतुजन्य औदासीन्य, म्हणजे प्रकाश घटल्याने काहींना दर हिवाळ्यात येणारी खिन्नता, याच सुमारास बळावते. दुपारी बाहेर चालून यावे, आणि झोप व भूक आठवडे-दोन आठवडे बिघडलेली राहिली तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जाण्यास संकोच करू नये. ब्रिटनमध्ये ११६ १२३ आणि अमेरिकेत ९८८ या क्रमांकांवर अहोरात्र बोलता येते. ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरला रेल्वे व लंडनची भुयारी गाडी जवळजवळ पूर्ण बंद असते, २८० चौरस मीटरहून मोठी दुकाने इंग्लंडमध्ये कायद्यानेच उघडता येत नाहीत आणि वसतिगृह ओस पडलेले असते. पुण्या-नाशिकच्या घरात हा दिवस इतर दिवसांसारखाच उजाडतो, म्हणून त्या दिवशी फोन करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. विद्यार्थ्याने २४ तारखेलाच वाणसामान भरून ठेवावे, आणि घरच्यांनी दिवाळीच्या फोनाइतकाच हा फोनही ठरवून करावा.