पदार्थविज्ञानाचा शेजारधर्म

पदार्थविज्ञान म्हणजे बल, उष्णता, प्रकाश आणि वीज यांची सूत्रे, अशी समजूत अद्यापही रूढ आहे. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षा देतो आणि त्या विषयाचा निरोप घेतो. परंतु हे शास्त्र शेजारच्या शास्त्रांच्या किती उपयोगी पडते, हे मद्रास विद्यापीठाच्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

१९५२ साली जी. एन. रामचंद्रन तेथील पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना शोधणे हा त्यांचा अभ्यासविषय. कोलॅजन या प्रथिनाची रचना अद्याप उलगडलेली नाही, हे विभागास भेट देण्यास आलेले शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्याकडून त्यांना समजले. कातडी व हाडे यांना बळकटी देणारे हे प्रथिन. प्रश्न जीवशास्त्राचा होता; तो सोडविण्याचे साधन मात्र पदार्थविज्ञानापाशी होते. त्याच शहरातील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून नमुने मिळाले. १९५४ साली रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती सुधारून तीन पेडांच्या दोरासारखी पिळाची रचना सुचविली.

या रचनेत काही अणू प्रमाणाबाहेर जवळ येतात, असा आक्षेप फ्रान्सिस क्रिक व अलेक्झांडर रिच यांनी घेतला. रामचंद्रन यांनी वाद वाढविला नाही. दोन अणू किती जवळ येऊ शकतात, हे त्यांनी ज्ञात स्फटिकरचनांवरून तपासले. त्यातूनच १९६३ साली रामकृष्णन व शशिशेखरन या सहकाऱ्यांसह त्यांनी प्रथिनांच्या साखळीला कोठे वळता येते आणि कोठे नाही, हे दाखविणारा आलेख सिद्ध केला. प्रथिनाची नवी रचना तपासताना जगभरचे संशोधक आजही तो वापरतात. १९७१ साली ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी क्ष-किरणांच्या अनेक छायांवरून वस्तूच्या अंतर्भागाचे चित्र जुळविण्याची सुलभ गणिती रीत दिली. रुग्णालयांतील सीटी तपासणीच्या विकासाशी या रीतीचे जवळचे नाते आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती दूर करण्यावर भर दिला आहे. परंतु केवळ विषयांची यादी लांबविल्याने हे साधणार नाही. रामचंद्रन जीवशास्त्राकडे वळले ते पदार्थविज्ञान सोडून नव्हे, तर ते बरोबर घेऊन. प्रथम एका शास्त्रात पक्की बैठक आणि मग शेजारच्या प्रश्नाविषयी आस्था, हाच तो क्रम होय. जीवशास्त्राची आवड असलेल्या मुलास गणित व पदार्थविज्ञान सोडण्याचा सल्ला देण्यापूर्वी शिक्षकांनी व पालकांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.