छोट्या रुळांवरचं डिझेल



कामरेजहून हायवेने भरूचच्या दिशेला निघालं की थोड्याच वेळात कोसंबा येतं. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या गाड्या जिथून धडधडत जातात, त्याच स्टेशनातून अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी झंखवाववरून उमरपाड्याला जायची. कामरेज, मांगरोळ हा जुना गायकवाडी मुलूख, बडोदा संस्थानाच्या नवसारी प्रांतातला. जंगलातलं सागवान बाहेर काढायचं, तर रूळ हवेत, हे सयाजीराव महाराजांनी ओळखलं होतं. बिलीमोरा-वघईची गाडी त्याच काळातली.

वाफेच्या इंजिनाबद्दल आपण भरभरून बोलतो. त्याच्यामागून आलेल्या डिझेलची मात्र कुणी आठवण काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. १९५०च्या दशकात जर्मनीच्या आर्नोल्ड युंग कारखान्यातली डिझेल इंजिनं माथेरानच्या दोन फुटी रुळांवर आली. मध्ये ड्रायव्हरची केबिन आणि दोन्ही अंगांना एकेक इंजिन. कोळसा वाहायला नको, पाणी भरायला थांबायला नको, पहाटे उठून भट्टी पेटवायला नको. पुढे चित्तरंजनच्या कारखान्यात आपली स्वतःची छोटी डिझेलं बनू लागली. गुजरातच्या हलक्या रुळांवर धावलेलं झेडडीएम-५ त्यांतलंच, साडेचारशे अश्वशक्तीचं.

पण अशी डिझेलं जपायची म्हटलं, की खरी अडचण समोर येते. वाफेचं इंजिन चौथऱ्यावर उभं केलं, तरी त्याचे दांडे आणि चाकं बघून पोराला कळतं की हे कसं चालत असेल. डिझेलचा जीव पत्र्याच्या आत. इंजिन तेल घुसळतं आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं फिरतात, हे बाहेरून दिसतच नाही. वर्षभर ते सुरू केलं नाही, तर रबरी सील वाळून चिरतात आणि खाली तेलाचा काळा डाग पसरतो. वाफेच्या इंजिनाचा एखादा दांडा कसबी लोहार घडवून देईल; डिझेलचा इंजेक्टर कोण घडवणार? म्हणून नुसता रंग देऊन भागत नाही. सुटे भाग, नकाशे आणि ते इंजिन खोलून पुन्हा जोडलेला फिटर, हे तिन्ही हवेत.

२०१८मध्ये रेल्वेने गुजरातमधले पाच नॅरोगेज मार्ग, एकूण २०४ किलोमीटर, वारसा म्हणून राखायचं ठरवलं. बिलीमोरा-वघईचे ६३ किलोमीटर त्यात आले. कोसंबा-उमरपाडा त्यात नव्हता.

कोसंबा स्टेशनाबाहेर एक छोटं डिझेल उभं राहावं, त्याचं झाकण एका बाजूने उघडं ठेवावं आणि आतलं यंत्र मुलांना दिसावं, एवढीच माझी मागणी आहे. आणि श्रोतेहो, तुमच्या घरात या छोट्या गाडीवर ड्रायव्हर, फिटर किंवा गार्ड म्हणून राबलेलं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. ते जे सांगतील, ते वहीत उतरवून ठेवा.