पडद्यावरचे देऊळ आणि आपल्याजवळचे दगड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मला विषय विचारला तेव्हा मी 'संगणकावरचे प्राचीन देऊळ' असे उत्तर दिले. आपल्या कार्यवाह बाई क्षणभर गप्पच झाल्या. पाककृती, आरोग्य, मुलांचा अभ्यास हे आपले नेहमीचे विषय; त्यांत हे देऊळ कुठून उपटले, असे त्यांच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. पण आपल्या विरार-नालासोपाऱ्याहून रोज सकाळी गाडी पकडणाऱ्या मुलामुलींमध्ये सिनेमाची आणि खेळांची दृश्ये संगणकावर रचणारी मुलेही असतात. माझी भाची त्यांतलीच एक. गेल्या वर्षी तिच्याकडे एक काम आले: सुमारे हजार वर्षांपूर्वीचे कोकणातले शिवालय, वेळ पहाटेची, माणसे दर्शनाला येत आहेत. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून तिने मला बरोबर घेतले. या देवळासाठी पाहण्याजोगे काय काय आहे, ते कुठे सापडते आणि त्यातले काय घ्यावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम हे दृश्य म्हणजे काय ते सांगते. गणपतीपुढे आपण आरास करतो ना, तशीच ही आरास. फरक इतकाच की ती संगणकात बांधलेली असते. पाहणारा तिच्यात शिरतो, वळतो, खांबामागे जाऊन उभा राहतो. चित्रात खांबाची एकच बाजू काढून भागते. इथे चारी बाजू लागतात, वरचे छत लागते, पायाखालची फरशीही लागते. त्यामुळे असे दृश्य रचणारा माणूस आधी नमुन्यांची चित्रे जमवतो. ती मिळतात कुठे? घरबसल्या हजारो मिळतात. कंबोडियातल्या देवळावर चढलेली झाडांची मुळे, हंपीचा दगडी रथ, तंजावरचे उंच शिखर, सारे एका ताटात. हल्ली तर यंत्राला नुसते सांगितले की यंत्रच क्षणात एक देऊळ काढून हातात देते. दिसायला ते झकास असते. पण ते कोणत्या गावचे, असे विचारले तर कुणालाच सांगता येत नाही.

मी भाचीला म्हटले, "अगं, 'प्राचीन' हे काही गावाचे नाव नव्हे आणि सालही नव्हे. आधी गाव ठरव, साल ठरव. मग दगड निवड." आमचे पुढचे सगळे काम या एका गोष्टीवर उभे राहिले.

साल ठरवायला फार लांब जावे लागले नाही. अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. त्या देवळातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणि याचे नाव माम्वाणिराज असे आले आहे. उत्तर कोकणावर राज्य करणारे हे शिलाहार. ठाणे ही त्यांची राजधानी आणि आपले सोपारे त्यांच्या मुलखातले. म्हणजे साल मिळाले, मुलूख मिळाला आणि उभे देऊळही मिळाले. वसई रोडहून दिव्याची गाडी घ्यावी, दिव्याला बदलावी, की तासा-दोन तासांत माणूस अंबरनाथला पोचतो.

तिथे काय पाहायचे? मुले गेल्याबरोबर शिखराकडे कॅमेरा रोखतात. मी म्हणते, खालून सुरुवात करा. देवळाच्या जोत्याचे थर एकावर एक कसे चढले आहेत, कुठे कीर्तिमुखांची ओळ आहे, कुठे हत्तींची, ते आधी टिपा. मग भिंत. तिला इतके कोन आहेत की ऊन जसजसे सरकते तसतशा सावल्याही एका कोनातून दुसऱ्यात सरकतात. सपाट भिंतीवर नक्षी चिकटवली म्हणजे अंबरनाथ होत नाही. त्याची शोभा या कोनांत आहे. मग सभामंडप. मधल्या चार खांबांवर नखाएवढी जागा कोरी सोडलेली नाही आणि वर छताची वर्तुळे लहान लहान होत गेली आहेत. प्रत्येक गोष्टीशेजारी आम्ही छत्री उभी धरून फोटो काढला. छत्रीची लांबी ठाऊक असली की खांबाची उंची काढता येते.

एक युक्ती गृहिणींना चटकन पटेल. वाळवणाला ऊन हवे, पण असल्या फोटोंना आभाळ हवे. उन्हात काढलेल्या फोटोतली सावली दगडाला कायमची चिकटून बसते आणि मग संगणकात पहाट करा की संध्याकाळ, ती हलत नाही. ढगाळ दिवशी मूर्तीभोवती पावलापावलाने फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग येईल असे साठ-सत्तर फोटो घेतले, तर संगणक त्यांवरून मूर्तीचा आकार जुळवतो. ऊन पडले की कॅमेरा ठेवायचा आणि वही काढायची.

या कामाला आपल्याकडे जुनी परंपराही आहे. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी टेरी नावाच्या शिक्षकांबरोबर याच देवळापाशी येऊन राहिले. त्यांनी मोजमापे घेतली, चित्रे काढली आणि नक्षीचे साचे उचलले. त्याच शाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांनी आणि विद्यार्थ्यांनी १८७२ पासून बारा-तेरा वर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. दगड झिजतो, रंग उडतो, नक्कलही जळते. म्हणून एकाने टिपले तरी दुसऱ्याने पुन्हा जाऊन टिपावे. हे काम संपणारे नव्हे.

अंबरनाथचे शिखर वरून ढासळलेले आहे. मग १०६० सालचे शिखर दाखवायचे कसे? मनाने रचायचे नाही. त्याच घराण्यातली भावंडे शोधायची. या शैलीला 'भूमिज' म्हणतात. शिखराच्या चारी अंगांना एकेक उभा पट्टा आणि त्यांच्यामध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा. सिन्नरचे गोंदेश्वर त्याच शैलीचे, थोडे नंतरचे, पण शिखरासह उभे आहे. मध्य प्रदेशात विदिशेजवळ उदयपूरला परमार राजा उदयादित्याचे देऊळ अकराव्या शतकातलेच, तेही सबंध. या दोन्हींवरून अंबरनाथच्या शिखराची रेषा वर कुठवर गेली असेल याचा अदमास येतो.

आणखी एक गोष्ट. आपण देऊळ प्राचीन म्हणतो, पण १०६० साली ते नवे कोरे होते! तेव्हा त्याच्या कडा धारदार होत्या, भिंतीतून पिंपळ उगवला नव्हता आणि उंबरठा झिजलेला नव्हता. शेवाळ आणि भेगा घातल्या की देऊळ जुने दिसते खरे, पण ते आजचे अवशेष होतात, तेव्हाचे देवालय होत नाही.

काय घ्यायचे याइतकेच काय गाळायचे हेही महत्त्वाचे. आपल्या वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या कमानी किती देखण्या! पण शिलाहारांच्या देवळात तशी कमान नसते. तिथे खांबावर तुळई आणि तुळईवर दगड. दीपमाळ आपल्याला देवळासमोर हवीच वाटते. ती मराठेशाहीतली शोभा. देवळातली मोठी पितळी घंटा म्हटली की आपल्याला १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यानंतर ठिकठिकाणच्या देवळांत गेलेल्या चर्चच्या घंटा आठवतात. त्या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे, परंतु तो सातशे वर्षांनी पुढचा.

फुलांच्या बाबतीत तर वसईच्या बायकांनी कुणाला हार जाऊ नये. दर्शनाला येणाऱ्या बाईच्या परडीत भाचीच्या सोबत्याने झेंडू घातला होता आणि अंगणात पांढऱ्या देवचाफ्याचे झाड. पण झेंडू, देवचाफा, निशिगंध ही तिन्ही मूळची अमेरिकेकडली. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागण्याआधी ती इथे नव्हती. मग परडीत काय? बेल, धोत्रा, रुई, कण्हेर, कमळ, आणि आपल्या वाडीतला सोनचाफा. ही यादी एका बागाईतदार बाईंनी पाच मिनिटांत तोंडपाठ सांगितली. असली माहिती फोटोंच्या ढिगात सापडत नाही.

माणसे कशी दाखवावी यासाठी आम्ही बोरिवलीजवळच्या एकसर गावचे वीरगळ पाहिले. पुरुषभर उंचीहूनही मोठ्या त्या शिळांवर लढाई कोरलेली आहे, आणि तीही समुद्रावरची! वल्ह्यांच्या ओळी असलेली जहाजे, योद्धे आणि वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा. नेसणे, केस बांधणे, शस्त्रे, सारे तिथे आहे. नालासोपाऱ्याच्या चक्रेश्वर तळ्याकाठी देवळात ब्रह्मदेवाची मोठी मूर्ती आहे. दागिने आणि वस्त्राच्या चुण्या पाहायच्या तर तिच्यासमोर अर्धा तास बसावे.

आता ज्यावरून वाद झाला ती गोष्ट सांगते. अंबरनाथच्या सभामंडपातून गाभाऱ्यात जायचे तर विसेक पायऱ्या खाली उतरावे लागते. भाचीच्या चमूतल्या वरिष्ठांना हे रुचेना. त्यांचे म्हणणे, देव उंचावर हवा, पाहणाऱ्याने चढत जावे, तेव्हाच भव्य वाटते. हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आपली जीवदानी उंचावरच आहे. पण भाची हटून बसली. तिने पायऱ्यांचे फोटो मांडले आणि सांगितले, की उजेडातून अंधारात, उकाड्यातून गारव्यात एकेक पायरी उतरत जाणे हीच या देवळाची मोठी गोष्ट आहे. ती काढली तर मागे उरेल ते कुठलेही देऊळ. चार दिवस घासाघीस झाली. शेवटी तिने दोन्ही प्रकार करून दाखवले, एकात चढण, दुसऱ्यात उतरण. समयांचा उजेड खालून वर येतो आणि पायऱ्यांच्या कडा तेवढ्या उजळतात, हे पाहिल्यावर बोलणे आपोआप थांबले. पायऱ्या खालीच गेल्या.

दुसरा प्रश्न याहून नाजूक होता. देखाव्याला 'सोपाऱ्याचे देऊळ' असे नाव द्यावे, नाव मोठे आहे, अशी सूचना आली. आपल्या गावाचे नाव जगभर जाईल म्हणून मलाही क्षणभर मोह झाला. पण सोपाऱ्यात आज काय उभे आहे? विटांचा बौद्ध स्तूप, ज्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक निघाले. ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्याच्याच परिसरात मिळाले. एवढे खरे वैभव असताना त्यावर दुसऱ्या गावच्या देवळाचे कलम कशाला? आज पडद्यावर जे दिसते तेच उद्या मुलांना इतिहास वाटते. स्तूपापाशी श्रद्धेने येणाऱ्या माणसाला त्याच गावाच्या नावाखाली भलतेच काही दिसावे, हे बरे नव्हे. भाचीने नाव दिले 'उत्तर कोकणातले एक शिवालय', आणि शेवटच्या पाटीवर अंबरनाथ, सिन्नर, एकसर अशी ऋणांची यादी टाकली.

जाता जाता रीतभातीचे दोन शब्द. अंबरनाथला नित्य पूजा होते. पूजेत असलेल्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नये, गाभाऱ्यात तर गुरवांना विचारूनच पाऊल टाकावे. तिपाई लावायची झाल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी. दगडाला हात, तेल, खडू काही लावू नये. महाशिवरात्रीला गर्दी फार. पाहायला जायचे तर पावसाळ्यानंतरचा एखादा साधा दिवस बरा.

भगिनींनो, आपल्यापैकी कुणाला संगणक हाती धरायचा नसेल, तरी या कामात आपला वाटा आहे. आपल्या घरातल्या जुन्या अल्बमांत निर्मळच्या जत्रेचे, तुंगारेश्वराच्या सहलीचे, किल्ल्यातल्या नागेश्वराचे फोटो असतील. मागे उभ्या असलेल्या देवळाचा रंग, छप्पर, पार, तळ्याचा काठ आता बदललेला असेल. त्या फोटोंमागे साल, गाव आणि काढणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवा. मंडळाने येत्या हिवाळ्यात एक सहल अंबरनाथला आणि एक एकसरला न्यावी, अशी माझी सूचना आहे. मुलांनाही बरोबर घ्यावे, प्रत्येकाच्या हाती एक वही आणि एक पेन्सिल द्यावी. शिवणटिपण करणाऱ्या बायका आपण. काठ कुठे संपतो आणि पदर कुठे सुरू होतो हे आपल्याला न सांगता दिसते. तीच नजर दगडावर फिरवायची, आणि मुलांना ती फिरवायला शिकवायची.