चॅट्सवर्थ : एका वास्तूचे वैभव आणि तिचे मोल

इंग्लंडच्या मध्यभागी डार्बिशर नावाचा डोंगराळ परगणा आहे. डरवेंट ही लहानशी नदी त्यातून वाहते. तिच्या काठी, मागे दाट झाडीचा डोंगर आणि पुढे विस्तीर्ण हिरवे कुरण अशा ठिकाणी चॅट्सवर्थचा प्रासाद उभा आहे. सव्वाशे खोल्यांची ही दगडी वास्तू डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याची. तिच्या खिडक्यांच्या चौकटींना सोन्याचा वर्ख दिलेला असून सूर्य कलला की तो दुरूनही झळकू लागतो. इंग्लंडमध्ये सरदारांचे असे प्रासाद शेकड्यांनी मोजावे लागतील. तथापि ते कसे उभे राहिले, कोणाच्या बळावर जगले आणि कशामुळे मोडकळीस आले, हे एकाच वास्तूच्या चरित्रातून समजून घ्यावयाचे असेल, तर चॅट्सवर्थसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

आपल्याकडील सरदाराचा वाडा बहुधा गावात असे. बाहेर उंच भिंत आणि आत चौक, अशी त्याची रचना. इंग्रज सरदाराच्या घराची तऱ्हा निराळी. ते गावापासून दूर, जमिनीच्या मधोमध उभे राही आणि चारी बाजूंनी दिसावे याच हेतूने बांधले जाई. दृष्टी पोहोचेल तेथवरची भूमी आपली आहे हे सांगणे हेच त्याचे पहिले कार्य होते.

या घराण्याचा पाया एका स्त्रीने घातला. ती बेस ऑफ हार्डविक या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहे. साधारण स्थितीतील जमीनदाराची ही मुलगी चार वेळा विवाहबद्ध झाली आणि प्रत्येक विवाहागणिक तिची संपत्ती वाढत गेली. दुसरा पती सर विल्यम कॅव्हेंडिश हा आठव्या हेन्रीच्या काळात धर्ममठांच्या जप्त मालमत्तेचा हिशेब पाहणारा अधिकारी होता. १५४९ साली या दांपत्याने चॅट्सवर्थची जमीन ६०० पौंडांस विकत घेतली आणि १५५२ साली घर बांधावयास आरंभ केला. बेसचा चौथा पती, अर्ल ऑफ श्रूसबरी, याच्यावर स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या नजरकैदेची जबाबदारी होती. त्यामुळे ती अभागी राणी या घरात अनेकदा राहून गेली. तिच्या दालनांची आठवण अद्याप जपलेली आहे.

आज दिसणारा प्रासाद मात्र प्रामुख्याने बेसच्या एका वंशजाचा. इंग्लंडच्या गादीवर विल्यम ऑफ ऑरेंजने यावे म्हणून १६८८ साली ज्या सात जणांनी त्याला गुप्त निमंत्रण धाडले, त्यांपैकी हा एक. या साहसाचे फळ म्हणून १६९४ साली त्याला ड्यूक ही पदवी मिळाली. आदल्या राजवटीत दरबारापासून दूर राहावे लागले असता त्याने घराची दक्षिण बाजू पाडून नवी बांधावयास घेतली होती. एक बाजू झाली की दुसरी जुनी वाटे; असे करीत करीत १७०७ पर्यंत चारही बाजू नव्या झाल्या आणि त्याच वर्षी तो मरण पावला. उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी पाणी खाली आणणारा बागेतील जलप्रपात हीही त्याच्याच काळातील रचना. पायऱ्यांचे आकार निरनिराळे ठेवले होते, ते पाण्याचा नाद प्रत्येक ठिकाणी निराळा उमटावा म्हणून.

या साऱ्यास पैसा कोठून आला? कुळांचा खंड हे पहिले उत्तर. पुढे विवाहसंबंधाने आयर्लंडमधील मोठी मिळकत घराण्यात आली. तेथील शेतकऱ्याचा खंडही या तिजोरीत पडू लागला. स्टॅफर्डशरमधील एक्टनच्या तांब्याच्या खाणीने अठराव्या शतकात मोठी भर घातली. इतर काही घरांचा पैसा याहूनही दुरून आला होता. बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत धन मिळवून परतलेल्या फ्रान्सिस साइक्सने बॅसिल्डन पार्क बांधविले. वेल्समधील पॉविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा तंबू क्लाइव्ह घराण्याच्या संग्रहात आजही पाहावयास मिळतो. वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरील गुलामांच्या श्रमांतूनही कित्येक प्रासाद उठले. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० साली एक अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्या ताब्यातील ९३ वास्तूंचा संबंध वसाहतींशी अथवा गुलामगिरीशी पोहोचत असल्याचे त्यात नमूद केले होते. त्या अहवालावरून इंग्लंडात मोठे वादळ उठले. वैभव पाहावयास जाणाऱ्यास त्याची किंमत ऐकणे आवडत नाही, हा अनुभव तसा सार्वत्रिक आहे.

चॅट्सवर्थच्या इतिहासातील सर्वांत रम्य प्रकरण मात्र एका माळ्याचे आहे. सहाव्या ड्यूकने १८२६ साली जोसेफ पॅक्स्टन या बावीस वर्षांच्या तरुणास बागेचा प्रमुख नेमले. पॅक्स्टन शेतमजुराचा मुलगा. त्याने स्वतः लिहून ठेवल्याप्रमाणे, तो पहाटे साडेचारला पोहोचला, दार बंद असल्यामुळे कुंपणाची भिंत चढून आत गेला, सहा वाजता माणसे कामास लावली आणि न्याहारीच्या वेळी घराच्या कारभारणीच्या भाचीवर त्याचे मन जडले! पुढे तीच त्याची पत्नी झाली. १८३६ साली त्याने काच, लाकूड व लोखंड यांचे २७७ फूट लांबीचे हरितगृह बांधावयास घेतले. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ साली एक प्रचंड कारंजे उभारले. झार आला नाही; कारंज्याला मात्र त्याच्या पदाचे नाव कायमचे मिळाले. काचेच्या बांधकामाच्या याच अनुभवातून १८५१ च्या प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस निर्माण झाला.

या बागेचा भारताशीही संबंध आहे. पॅक्स्टनने १८३५ साली जॉन गिब्सन या आपल्या माळ्यास दुर्मीळ वनस्पतींसाठी हिंदुस्थानात पाठविले. गिब्सन कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात गेला, खासी टेकड्यांत हिंडला आणि ऑर्किडची असंख्य रोपे घेऊन १८३७ साली परतला. त्याच १८३५ साली मॉरिशसहून आलेल्या एका ठेंगण्या केळीला चॅट्सवर्थच्या हरितगृहात फुलोरा आला. पॅक्स्टनने तिला धन्याच्या कुलनामावरून कॅव्हेंडिश असे नाव दिले. आज जगाच्या बाजारात जाणारी बहुतेक केळी या कुळातील आहेत. जळगावच्या शेतकऱ्याची बसराई आणि अलीकडची ग्रँड नैन याही त्यातल्याच. ड्यूकांच्या नावाचा याहून मोठा प्रसार दुसऱ्या कशानेही झालेला नाही.

विसाव्या शतकात चक्र उलटे फिरले. १८९४ साली इंग्लंडात मृत्युकर नव्या स्वरूपात सुरू झाला आणि पुढे तो चढतच गेला. पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी पॅक्स्टनच्या हरितगृहातील वनस्पती मेल्या. १९२० साली ते सुरुंग लावून पाडण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात या घरात वेल्समधील एक मुलींची शाळा भरत होती. राजदालनांत मुलींच्या खाटा मांडल्या होत्या. घराण्याचा थोरला वारस १९४४ साली बेल्जममध्ये रणांगणावर पडला. मग १९५० च्या नोव्हेंबरात दहावा ड्यूक अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी अकस्मात निवर्तला. त्याने मिळकत आधीच विश्वस्तांकडे सोपविली होती; पण कायद्याने लागणाऱ्या पाच वर्षांस सुमारे चौदा आठवडे कमी पडले. मिळकतीवर शेकडा ऐंशी या दराने कर बसला.

अकराव्या ड्यूकने हजारो एकर जमीन विकली. हॉल्बाइन, रुबेन्स, रेम्ब्रांट यांच्या कृती हातावेगळ्या केल्या. बेसने वृद्धापकाळी बांधलेला हार्डविकचा प्रासाद सरकारला देऊन टाकला. हे देणे १९७४ साली फिटले. त्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात नष्ट झालेल्या प्रासादांविषयी एक प्रदर्शन भरले होते. एका शतकात पाडलेल्या अशा घरांची संख्या हजारावर जाते. चॅट्सवर्थ त्यांत नाही, याचे श्रेय मोठ्या अंशी ड्यूकच्या पत्नीस, डेबोरा यांना, दिले पाहिजे. त्यांनी शेतमालाचे दुकान काढले, घर पाहणाऱ्यांची सोय वाढविली, कोंबड्या-मेंढ्यांपासून पडद्यांच्या डागडुजीपर्यंत सर्वत्र लक्ष घातले. १९८१ साली घर धर्मादाय विश्वस्त निधीच्या हाती गेले. तेव्हापासून ड्यूकचे कुटुंब आपल्याच पूर्वजांच्या घरात भाडे भरून राहते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रासादासमोरील एडन्सर गावाची काही घरे अठराव्या शतकात, देखाव्यास बाधा येते म्हणून, पाडली गेली. सहाव्या ड्यूकने तर उरलेले गाव उचलून खिडकीतून दिसणार नाही अशा जागी नव्याने वसविले. सामान्य माणूस दृष्टीआड असावा ही त्या वैभवाची अट होती. आज नेमकी तीच माणसे तिकीट काढून आत येतात आणि त्यांच्या पैशावर छप्पर शाकारले जाते. करांनी सरदारांची मिरास मोडली हे खरे. पण वास्तू वाचली ती तिची दारे उघडली म्हणून. आपल्याकडील गढ्या आणि वाडे वारसांच्या वाटणीत व पावसात ढासळत असताना या इतिहासाकडे केवळ परक्यांचे कौतुक म्हणून पाहून भागणार नाही. ज्यांच्या श्रमांतून वैभव उभे राहिले, त्यांच्या वंशजांना ते आपले वाटले पाहिजे; त्याची संपूर्ण कहाणी, उजळ तशीच काळी, त्यांना ऐकावयास मिळाली पाहिजे. तसे झाले, तरच दगडविटांची निगा राखणारे हात पुढेही मिळत राहतील.