धनेशाचीं रोपें

मृगाच्या सरी कोसळल्या कीं कोंकणांतला शेतकरी रोपें लावावयास बाहेर पडतो. जाणता असेल तो प्रथम जुन्या बेहड्याखालीं जातो. त्याच्या ढोलींत थोरल्या धनेशाची मादी उन्हाळ्यांत तोंड लिंपून, स्वतःस कोंडून घेऊन बसलेली असते. नर फटींतून तिला फळें भरवितो. बिया खालीं पडतात व पावसांत रुजतात. तीं रोपें मुळांच्या मातीसह काढून बांधावर लावावीं, आणि माथ्यावरून धनेश गेलाच तर घटकाभर हात थांबवावा. त्या पंखांचा आवाज तरी केवढा! मात्र पोकळ बेहडा लांकडासाठीं विकून त्या जागीं दहा रोपें लावणें, हा हिशेब खोटा. रोपाचा वृक्ष होऊन त्यास ढोली पडावयास कित्येक दशकें लागतात; मादीला जागा पुढच्या फाल्गुनांतच हवी असते.