अदृश्य प्रवाहांची नोंदवही



साहित्याच्या व्याख्यानमालेत चुंबकत्वाचा विषय कशाला, असे तुमच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी तुम्हांला आपल्याच गावाच्या पोटात घेऊन जातो.

कुंडी भंडारा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. ज्यांचे दोहे आपण शाळेत पाठ केले ते अब्दुल रहीम खानखाना बऱ्हाणपूरचा कारभार पाहत होते, त्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून शहराकडे वळवले. वरून चालणाऱ्याला पाणी दिसत नाही. दिसतात त्या ओळीने खणलेल्या शंभराहून अधिक कुंड्या. कुंडीत डोकवावे, तेव्हा कळते की खाली प्रवाह आहे.

पृथ्वीभोवतीही असाच एक न दिसणारा प्रवाह आहे. सूर्याचे बाह्य आवरण इतके तप्त असते की तेथील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युत्भारित वायूला प्लाझ्मा म्हणतात. मराठीत त्याला आयनद्रायू असेही नाव दिले आहे. हा प्लाझ्मा सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने सर्व दिशांना वाहत असतो. हाच सौरवात. पृथ्वीचे चुंबकत्व त्याला अडवते आणि वाहत्या पाण्यातल्या खडकाभोवती जशी जागा राहते, तशी एक पोकळी पृथ्वीभोवती तयार होते. तिला चुंबकांबर म्हणतात. सूर्याच्या बाजूला ते सुमारे ६५,००० किलोमीटरपर्यंत असते. उलट्या बाजूला त्याचे लांबच लांब शेपूट पसरलेले असते.

सौरवात असलाच पाहिजे, हे युजीन पार्कर यांनी १९५८ साली गणिताने मांडले. दोन परीक्षकांनी तो लेख नाकारला. संपादक होते लाहोरला जन्मलेले आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. निष्कर्ष त्यांनाही पटला नव्हता. पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी लेख छापला. चार वर्षांनी शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने वाटेतच सौरवात मोजला.

त्याच १९५८ मध्ये अमेरिकेचा पहिला उपग्रह, एक्सप्लोरर-१, वर गेला. त्यावर जेम्स व्हॅन ॲलन यांचा कण मोजणारा गणक होता. जास्त उंचीवर गेला की तो शून्य दाखवी. कण नाहीत की यंत्र बिघडले? दोन्ही नव्हे. कण इतके होते की गणक गुदमरून गप्प होत होता. अशा रीतीने पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकलेल्या कणांचे पट्टे सापडले. नोंदवहीतले शून्यसुद्धा नीट वाचावे लागते.

मग माणसाने दूरदूर कुंड्या खणल्या. गुरूपाशी गेलेल्या यानांनी दाखवले की त्याच्या चुंबकांबराचे शेपूट शनीच्या कक्षेपर्यंत पोहोचते. मंगळाची गोष्ट उलटी. त्याला आज पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकत्व नाही. आपले मंगळयान २०१४ च्या सप्टेंबरात तेथे पोहोचले, त्याच्या दोनच दिवस आधी मेव्हन हे अमेरिकी यान पोहोचले होते. सौरवात मंगळाचे वातावरण कसे हळूहळू ओरबाडून नेत आहे, हे मेव्हनने मोजले.

पण एका कुंडीने भागत नाही. एका कुंडीतले पाणी उतरले, तर सगळा प्रवाहच आटला की तेवढ्याच जागी काही अडले, हे कसे कळणार? शेजारच्या कुंड्याही पाहाव्या लागतात. एकट्या यानाचीही हीच अडचण. म्हणून २००० साली युरोपने क्लस्टर मोहिमेची चार याने एकत्र फिरत ठेवली आणि २०१५ मध्ये अमेरिकेनेही चार यानांची मोहीम पाठवली. सौरवाताबरोबर आलेल्या चुंबकीय रेषा पृथ्वीच्या रेषांच्या उलट दिशेच्या असल्या, की दोन्ही तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि चुंबकांबराचे दार उघडते. हे दार कसे उघडते ते या चौकडीने अगदी जवळून पाहिले. दार उघडे राहिले तर आत शिरलेली ऊर्जा चुंबकीय वादळ उठवते.

याचे आपल्याला काय? १३ मार्च १९८९ रोजी अशा वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज गेली. सुमारे ६० लाख लोक ९ तास अंधारात होते. आपण ध्रुवांपासून दूर आहोत, त्यामुळे तेवढी भीती आपल्याला नाही. पण बऱ्हाणपूरच्या यंत्रमागवाल्याचा मोबाइल, बँकेचा व्यवहार, हवामानाचा अंदाज, यांतले बरेच काही उपग्रहांवर टेकलेले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याशा वादळाने वरचे वातावरण फुगले आणि नुकतेच सोडलेले ३८ उपग्रह एका फटक्यात गेले.

मग सर्वांत मोठे वादळ किती मोठे असू शकते? हे ठरवायला याने अपुरी पडतात, कारण ती आताआताची आहेत. उत्तरासाठी आपल्याला मुंबईला जावे लागते.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. टिळकांचे गुरू, गणिती केरोपंत छत्रे हे तरुणपणी याच वेधशाळेत नोकरीस होते. ते तेथून गेल्यानंतर काही वर्षांनी, १ सप्टेंबर १८५९ रोजी, इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लखलखाट पाहिला. त्यानंतर अठरा तास उलटण्याच्या आतच कुलाब्याची सुई हलली. वेळ पाहून, डोळ्यांनी वाचून, हाताने आकडे लिहिले जात होते. सुई खवळल्यावर पंधरा-पंधरा, कधी पाच-पाच मिनिटांनी वाचने घेतली गेली. चुंबकत्वाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. एरवीची मोठी वादळे काही शेकड्यांवर थांबतात.

त्या दिवशी लिहिणाऱ्यांना सौरवात ठाऊक नव्हता, प्लाझ्मा हा शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त आकडा चुकवला नाही. १४४ वर्षांनी, २००३ साली, गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी तीच पाने उघडली आणि १८५९ च्या वादळाचे मोजमाप जगापुढे ठेवले.

या नोंदी सलग राहिल्या त्याही काळजीमुळे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसताच त्या विजेने सुया भरकटतील हे नानाभाई मूस यांनी ओळखले. ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी केली आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी वही नव्या वहीला जुळावी. आज अलिबागचे काम पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते.

६ जानेवारी २०२४ पासून आपली सर्वांत दूरची कुंडी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला आहे: आदित्य-एल१. त्यावर सौरवात मोजणारी यंत्रे आहेत, चुंबकत्वमापक आहे आणि सूर्याची अतिनील चित्रे टिपणारी पुण्याच्या आयुकाची दुर्बीणही आहे. तेथून निघालेला संदेश सेकंदांत पोहोचतो. सौरवाताला तासभर लागतो, वादळी असला तर अर्धा तास. तेवढीच उसंत आपल्याला मिळते. पण इशारा किती गंभीर हे ठरवताना आजही १८५९ चे पान उघडावे लागते.

साहित्याच्या मंचावर हे सांगण्याचे कारण आता ध्यानात आले असेल. लिहून ठेवणे हे आपलेही काम आहे. कुणाच्या घरी आजोबांची पावसाची वही असेल, तापीच्या पुराच्या तारखा असतील, कुठल्या साली कोणत्या कुंडीत पाणी किती हे कुणी टिपले असेल. रद्दीवाला दारात आला की ती वही आधी बाजूला काढून ठेवा. तिचा उपयोग काय, हे आज तुम्हांला सांगता येणार नाही; कुलाब्यात लिहिणाऱ्यालाही सांगता आले नसते. आणि अशी वही घरात नसेल, तर नवी घ्या, वर तारीख घाला आणि आजपासून सुरुवात करा.